वाकड्या पंखांचं बेणं

मे महिन्यात कॉलेजला सुट्टी लागली. प्रयोगशाळा बंद झाली, तशी प्रियदर्शनीने आपल्या फळमाश्यांच्या बाटल्या पिशवीत घातल्या आणि आखाडा बाळापूरची एसटी धरली. घरी बाटल्यांना माठाशेजारी, गारव्याला ओल्या पोत्यात जागा मिळाली.

"लोक माश्या हाकलतेत, आमची पोरगी पाळून राहिली," तिची आई सुमनबाई शेजारणींना सांगायची.

प्रियदर्शनीचं संशोधन एका जनुकावर. आई होणारी माशी त्याच्या जोरावर अंड्यात निरोप ठेवते: डोकं इकडं, शेपूट तिकडं. जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तरी मादी धडधाकट असते. पंख सरळ, देखणी. पण तिच्या अंड्यांतून काही निघत नाही. वंश चालतो तो वाकड्या पंखांच्या बहिणींवर. त्यांच्यात एक प्रत शाबूत असते, वाकडा पंख ही त्याची खूण. हा वाण दुसरीकडे कुठेच नव्हता. तो बुडाला, की पीएचडी बुडाली.

त्या सकाळी तिने माश्या बर्फावर गारठवल्या आणि पंख बघून ब्रशने दोन ढीग केले. फोन आला म्हणून अंगणात गेली. परतली, तर एक ढीग गायब.

"माय, इकडच्या कुठं गेल्या?"

"चुलीत. समद्या वाकड्यातिकड्या व्हत्या. चांगल्या बघ, बाटलीत भरल्या."

सुमनबाईने उभा जन्म हळदीचं बेणं निवडलं होतं. वेडंवाकडं फेकायचं, ठसठशीत ठेवायचं. हात आपोआप चालले होते.

रडत रडत प्रियदर्शनीने सगळं सांगितलं.

"म्हंजी या देखण्या वांझ?"

"वांझ नको म्हणू, माय. अंडी घालतेत त्या."

सुमनबाईने विचारलं, "ह्या ज्या बाटलीतून निघाल्या, ती कुठं हाय?"

बाटली मोरीत, धुवायला पडली होती. नळाला पाणी आलं नव्हतं म्हणून वाचली. काचेला तपकिरी कोष चिकटलेले होते. माश्या बाहेर पडायच्या बाकी होत्या.

पोतं वाळू द्यायचं नाही, एवढंच काम सुमनबाईने अंगावर घेतलं. पहिल्यांदा निघाल्या त्या सरळ पंखांच्या. प्रियदर्शनीने बघणंच सोडलं.

"अगं, ऊठ. वाकडी आली!"

एक नव्हे, चार. दोन माद्या, दोन नर. चौघांना नव्या बाटलीत सोडलं.

पुढे एका सकाळी सुमनबाईने बाटली उजेडात धरली. तळाशी तांदळाच्या कणीपेक्षा बारीक, पांढरं काहीतरी वळवळत होतं.

"हालून राहिलं," ती हळूच म्हणाली, आणि दुसऱ्या हाताने पोत्यावर पाणी शिंपडलं.