उघड्या दारावरचा मोर्चा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. संघटनेत नाही, घरी नाही. माईकवर काय काय सांगितलं — दुसऱ्यांचे गुन्हे, नावं घेऊन, तारखांसकट. स्वतःचा एक होता, तो कधी घशाशी आलाच नाही. आणि घसा तर माझा चांगला आहे, लातुरात कुणालाही विचारा.

मनीषाबद्दल सांगतोय. क्लासेसच्या भागात मुलींचं एक हॉस्टेल आहे, तिथल्या वॉचमनची ही मुलगी. नेपाळी. आईच्या कडेवर लातुरात आली आणि इथलीच झाली — होला हाव, नाहीला न्हाई, लई, सगळं आपल्यासारखंच बोलायची. कागदावर मात्र नेपाळची. तिच्या बापाला सगळे बहादूर म्हणायचे, मीही म्हणायचो. त्यांचं नाव टेकबहादूर आहे हे मला पत्रक लिहिताना कळलं. पत्रकात पूर्ण नाव लागतं म्हणून विचारलं. एरवी विचारलं असतं?

तिला सैन्यात अधिकारी व्हायचं होतं. बारावीनंतरची ती परीक्षा आता मुलींनाही देता येते, पण वयाची अट कडक. तिची ती शेवटची खेप. बापानं गावाकडून तिचे कागदही मागवून ठेवले होते. रोज सकाळी मैदानावर पळायची, पळून झालं की आमच्या चहाच्या टपरीवरून जायची. एक दिवस थांबली.

"दादा, आम्हाला चालतं का हो? नागरिक न्हाईत ना आम्ही."

मला माहीत नव्हतं. तेवढंच म्हणायचं होतं — बघून सांगतो. पण संघटनेची पोरं भोवती बसलेली, माझ्या तोंडाकडे बघणारी. ज्याच्याकडे सगळे नियम विचारायला येतात, त्यानं बघून सांगतो म्हणायचं? मी म्हणालो, "न्हाई चालत. देशाचं सैन्य हाय, नागरिकच लागतो."

ती मान हलवून गेली. भांडली नाही. मला विचारून मग अर्ज करणार होती, तो केलाच नाही.

इथपर्यंत अडाणीपणा होता. तो मी केव्हाच स्वतःला माफ केलाय, तुम्हीही करा. सांगायचं ते पुढं आहे.

मला राग आला होता — खरा. त्या रागात मी पत्रक लिहिलं. इथल्या मातीत वाढलेली पोर देशासाठी जीव द्यायला तयार आहे आणि कायदा तिला परकी म्हणतो, असं. चांगलं लिहिलं होतं. उदगीरहून फोन आले, किनवटच्या पोरांनी गावात वाटायला गठ्ठे मागितले. वरच्या लोकांनी ठरवलं, नांदेडला मोर्चा काढायचा. माझ्या पत्रकावर निघणारा पहिला मोर्चा.

मोर्च्यासाठी दुसरं पत्रक हवं होतं. तिला अडवणारं कलम जसंच्या तसं छापू, म्हणजे वाचणाऱ्याचं रक्त तापेल, असा विचार करून मी छापखान्यात बसल्या बसल्या मोबाइलवर परीक्षेची जाहिरात उघडली. उमेदवार भारताचा नागरिक असावा — किंवा नेपाळची प्रजा. मी परत वाचलं. तिला अडवणारं कलम कुठं नव्हतंच. दार उघडं होतं, आणि अर्ज भरायची मुदतही अजून चालू होती.

कॉम्प्युटरवरचा पोरगा म्हणाला, "भाऊ, कलम सांगा की. जागा सोडून बसलोय."

मी म्हणालो, "राहू दे कलम. तिचा फोटो मोठा कर."

झालं. हाच तो गुन्हा. एवढासाच आहे, नाही? मग मी इतकी वर्षं का गिळून बसलो? कारण त्या खुर्चीत मला माझं मन लख्ख दिसलं. मला तिची भरती नको होती. तिच्यावरचा अन्याय हवा होता. तो हातचा जाऊ नये म्हणून मी तो जपला — सरकारनं न केलेला अन्याय मी केला.

मोर्च्यात ती सगळ्यात पुढं होती. टेकबहादूरमामा रजा टाकून आले होते, वॉचमनचा गणवेश कडक इस्त्री करून. मी तिला माझी बहीण म्हणालो, टाळ्या पडल्या. कलेक्टर कचेरीतल्या साहेबांनी निवेदन घेतलं, वर पाठवतो म्हणाले. माझ्याशिवाय नियम कुणीच उघडून पाहिला नाही. आमच्यातल्या कुणी नाही, साहेबांनीही नाही. पोरीचा फोटो एवढा मोठा असल्यावर कोण पाहतं?

परतीच्या एसटीत ती माझ्या मागच्या सीटवर होती. फोन माझ्या खिशात. त्या फोनवरून अर्ज भरता आला असता, लातूर येईपर्यंत भरून झाला असता. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा ती खाली उतरली आणि माझ्यासाठी भजी घेऊन आली. घसा बसला असेल दादा, गरम खा, म्हणाली. मी खाल्ली.

मुदत संपली. मग तिचं वय संपलं. आम्ही पुढच्या आंदोलनाला लागलो.

ती आता त्याच हॉस्टेलची मेस बघते. गेल्या महिन्यात मी तिथं गेलो होतो. तिनं चहा दिला. जवळच मोमोची गाडी लावणाऱ्याची मुलगी बसली होती, तीही नेपाळी, अकरावीला. तिनं मनीषाला तेच विचारलं.

मनीषा म्हणाली, "आपल्याला न्हाई चालत गं. विचार की दादांना, मोर्चा काढलता त्यांनी माझ्यासाठी. बाकी कोण बोललं आपल्याबद्दल?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. पोरं नव्हती, माईक नव्हता, पत्रक नव्हतं. वाचवायचं काहीच नव्हतं.

मी म्हणालो, "हाव."

मनीषानं माझा कप विसळायला नेला.

नेपाळची प्रजा असलेल्यांनाही ही परीक्षा देता येते. तेव्हाही देता येत होती. एका ओळीत मावतं हे. फोटो मोठा केल्यावरही खाली तेवढी जागा उरली होती.