वारसाच्या रकान्यातलं नाव

चूक माझी होती. हे आधीच लिहून टाकतो, कारण आमच्या वस्तीत लोक ती अजून बाबांच्या लाजेवर ढकलतात.

साठ साल उलटून गेलं होतं. पोस्टाच्या बचत खात्याला वारस नेमायची सोय नवीनच झाली होती. खातेदाराने जिवंतपणी कागदावर नाव लिहून दिलं की त्याच्यामागे ते पैसे त्या माणसाच्या हातात, कोर्टकचेरी नाही. आम्ही अकोल्याच्या पोरांनी यावर पत्रक छापलं. मजकूर माझा. ‘बंधूंनो, तुमच्या घामाचा पैसा तुमच्या बायकापोरांना मिळणार की नाही?’ अशी सुरुवात. शेवटी ठणकावून लिहिलं होतं, ‘मरणाचं नाव काढल्याने मरण येत नाही. ही भीती टाकून द्या!’

एका रविवारी विहारापुढे टेबल टाकून मी फॉर्म भरायला बसलो. विहार म्हणजे तेव्हा चार बल्ल्या आणि वर टिनपत्रे. समोर गड्यांची रांग, बाजूला बायका. मी मोठ्याने विचारायचो, “वारसाचं नाव?” आणि गडी आपल्या चपलांकडे पाहू लागायचा. बौद्ध होऊन घरचे देव नदीत सोडताना ज्यांचा हात कापला नाही, त्यांची जीभ बायकोच्या नावापाशी अडत होती. आमच्याकडे नवरा बायकोचं नाव घेत नाही. ‘ऐकलं काय’ आणि ‘पोराची माय’ एवढ्यावर अख्खा संसार निभतो. मग कोणी बापाचं नाव सांगायचा, कोणी भावाचं.

बाबांचा नंबर आला. ते कापसाच्या जिनात कामाला. सही करण्यापुरतं शिकलेले. माय चार हातांवर उभी होती. बाबाही चपलांकडे पाहू लागले. मागून शेजारी ओरडला, “घे ना बे नाव! काहून लाजून राह्यला नव्या नवरदेवावानी?”

हशा पिकला. मायने पदर तोंडाला लावला.

“माह्या भावाचं टाक,” बाबा म्हणाले.

मायचं नाव मला ठाऊक होतं. बाबांना बाजूला घेऊन हळूच विचारायला दोन मिनिटं लागली असती. पण मागे रांग होती, आणि किती फॉर्म भरले ते मला सभेत सांगायचं होतं. मी बाबांच्या थोरल्या भावाचं, मोठेबाबांचं नाव लिहिलं आणि ओरडलो, “पुढचा!”

त्याच हंगामात बाबांच्या छातीने दगा दिला. खोकला, ताप, मग थुंकीत रक्त. सरकारी दवाखान्यात डॉक्टरने मला व्हरांड्यात नेऊन सांगितलं, घरच्यांना बोलावून घ्या. अमरावतीहून मोठेबाबा आले. ते खाटेजवळ बसले, म्हणून माय दाराआड उभी राहिली. भासऱ्यापुढे, म्हणजे थोरल्या दिरापुढे, ती कधी आली नव्हती. माझी धाकटी बहीण बाबांचे पाय चेपत होती. अमरावतीला मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी तिची निवड झाली होती. पासबुकातला पैसा तिच्या फीचा आणि खानावळीचा, हे बाबांनी कधीचं ठरवून ठेवलं होतं.

“पोट्टीले मास्तरीण कायले करता?” मोठेबाबा म्हणाले. “पैसा हाये, तं या उन्हाळ्यात लगन उरकून टाकू. पोरगा पाहून ठेवला म्या.”

बहिणीचे हात थांबले. मला तो फॉर्म आठवला. मी उठून बाहेर गेलो आणि पोस्टापर्यंत धावतच सुटलो.

खिडकीवरचा बाबू मान वर न करता म्हणाला, “बदलता येते. पण खातेदार शुद्धीवर पाहिजे. सही त्याची, साक्षीदार दोन. तो गेल्यावर इथं येऊन रडू नका.”

कोरा फॉर्म घेऊन परतलो. दवाखान्याच्या फाटकातच मायने माझा हात धरला. “थो कागद आत नेऊ नोको. कागद पाह्यला का मानसाले समजते, आपलं आटोपलं.”

पत्रकात यावर माझ्याकडे अडीच ओळी होत्या. एकही आठवली नाही. खिशातला कागद अंगाला चटका देत होता. माय म्हणते ते खरं निघालं तर? माझ्या हातून बाबा गेले तर? मी कडुलिंबाखाली उभा राहिलो.

मायने आत जाऊन सांगितलं, तशी बहीण बाहेर आली. मोठेबाबा चहाला गेले होते. “दादा, मी नाई जात अमरावतीले,” ती म्हणाली. “बाबाले तो कागद दाखवू नोको.”

ती इतक्या सहज म्हणाली की मला स्वतःची लाज वाटली. मी आत गेलो.

खाटेच्या कडेला बसलो आणि कानाशी विचारलं, “बाबा, पासबुकावर वारसाचं नाव बदलू काय? कोणाचं टाकू?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्यामागे उभ्या मायकडे. “पोट्टी शिकली पायजे,” म्हणाले. आणि त्यांनी मायचं नाव घेतलं. पूर्ण, पुढे स्वतःचं लावून, थांबत थांबत.

त्यांच्या हाताखाली मी खाटेला अडकवलेली पाटी धरली. सही वाकडी आली, पण आली. कंपाउंडर आणि शेजारच्या खाटेवरच्या रोग्याचा भाऊ साक्षीदार झाले. मी निघालो तेव्हा माय भिंतीला टेकून उभी होती. “आता नाई वाचत रे थे,” ती म्हणाली. “नाव घेतलं माहं.”

पोस्टात शिक्का पडेपर्यंत मला तेच ऐकू येत होतं. बाबा पुढे नऊ दिवस जगले. नऊही दिवस मायने माझ्याकडे नीट पाहिलं नाही, आणि बाबांचा श्वास अडखळला की मी खिसा चाचपायचो, जणू तो कागद अजून तिथेच होता.

सगळं उरकल्यावर मोठेबाबांनी पासबुक मागितलं. माय दाराआडून बाहेर आली. पहिल्यांदा त्यांच्यासमोर उभी राहिली आणि शिक्क्याचा कागद पुढे केला. त्यांनी तो माझ्याकडून वाचून घेतला.

“हे त्यानं सांगतलं?”

“माह्यासमोर,” माय म्हणाली. “नाव घेऊन.”

मोठेबाबांनी कागदाची घडी घातली, परत दिली. मग त्यांनी बहिणीला विचारलं, “अमरावतीले राहाची सोय कुठी हाये तुही?”