मुमताज सिस्टर आणि सोडलेल्या गाठी

शेवटची भेट झाली ती त्यांच्या लोणावळ्याच्या घरी. मुमताज सिस्टर अंथरुणाला खिळल्या होत्या, पण सुनेनं आणलेला चहा बघून म्हणाल्या, "हा चहा आहे की डोळे धुवायचं पाणी?" मी हसले, तशा त्याही हसल्या... पुढच्याच आठवड्यात त्या गेल्याचा फोन आला. त्यांची आठवण मात्र अजून हसूच घेऊन येते, त्याला माझा इलाज नाही.

मावळातल्या एका सरकारी दवाखान्यात आम्ही दोघी नर्स. त्या मुरलेल्या, मी नवखी. तिकोणा पेठेच्या बाजूच्या कातकरी वाडीतली सुमन आमच्याकडे यायलाच तयार नव्हती. पहिल्या खेपेला दुसऱ्या एका दवाखान्यात तिला "अंघोळ करून यायला काय होतं गं तुला?" असं सगळ्यांदेखत ऐकवलं होतं. ती तशीच उठून घरी गेली, घरीच बाळंत झाली आणि मूल दगावलं. म्हणून दुसऱ्या खेपेला दिवस भरत आले तेव्हा सिस्टर स्वतः वाडीवर गेल्या आणि तिच्या सासूच्या, सोनाबाईंच्या, चुलीपाशी बसून आल्या. सोनाबाईंची अट एकच, "मी सुनेजवळ ऱ्हानार." सिस्टर म्हणाल्या, "मावशी, तुम्ही नसलात तर मलाच करमायचं नाही."

सुमन सकाळी आली. दुपारी कळा मंदावल्या. बाळाचे ठोके चांगले होते, घाबरण्यासारखं काही नव्हतं, पण सोनाबाई उठल्या. बाई अडली की त्यांच्याकडे घरातली गाठ न् गाठ सोडतात, कुलपं उघडतात. "हितं तर समदंच बंद हाय. पोरीला घरी न्हेते मी." सिस्टरांनी वाद घातलाच नाही. किल्ल्यांचा जुडगा काढून कपाटं उघडली, सुमनची वेणी सोडली, स्वतःचा अंबाडाही मोकळा केला आणि मला म्हणाल्या, "बघतेस काय? बुटाच्या लेस सोड." मग सोनाबाईंनी घरी फोन लावून नवऱ्याला बजावलं, "जे जे बांदलंय ते समदं सोडा." त्या भल्या माणसानं शेळ्याही सोडल्या.

सुमन सासूच्या गळ्यात हात टाकून फेऱ्या मारत राहिली. कळा वाढल्या तशी चटईवर उकिडवी बसली, सोनाबाईंनी तिला मागून धरलं, आणि ऊन उतरायच्या आत मुलगी झाली. आजोबांचा फोन आला, "पोरगी झाली, लय ब्येस. पन शेळ्या भाताच्या रोपात शिरल्यात, घावना झाल्यात." सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना भिंत धरावी लागली. पुढे त्या रोपवाल्याची समजूत काढायलाही त्याच गेल्या. माझा फार जीव होता त्यांच्यावर.

परवा सुमन तिच्या दिवस भरत आलेल्या धाकट्या जावेला घेऊन आली. दारातच विचारलं, "मोट्या सिस्टर कुटं हायेत?" सांगावं लागलं. ती पायरीवर बसली, पदरानं डोळे पुसत राहिली... जाऊ बिचारी घाबरून परतीच्या रस्त्याकडे बघायला लागली. मला वाटलं, गेल्या या दोघी. पण सुमन उठली, सरळ प्रसूतीच्या खोलीत गेली. खाटेशेजारी, बाळंतिणीच्या माणसासाठी म्हणून सिस्टरांनी ठेवलेलं स्टूल आहे. ते ओढून ती ऐसपैस बसली आणि जावेला हाक मारली, "ये गं आत. हितं कुनी वरडत न्हाई."

आता आमची काय बिशाद आहे ओरडायची.