मोडीत दिलेला हंडा

फ्लॅट रंगवायला काढला तेव्हा माळ्यावरून तांब्याच्या दोनच गोष्टी खाली आल्या. आईचा जुना हंडा आणि डबाभर भोकाचे पैसे. आई तेव्हा आठवडाभर विरारला माझ्या बहिणीकडे होती. एव्हरशाईन सोसायटीतल्या आमच्या दोन खोल्यांत बूड गळणारा हंडा ठेवायचा कुठे? रिक्षात घातला आणि भांडेवाल्याकडे मोडीत देऊन आलो. तांब्याचा भाव चढलेला होता, त्यामुळे मी खुशीत होतो.

पैशांचं मात्र मी फार मनावर घेतलं. मोबाईलवर एक गृहस्थ छातीठोकपणे सांगत होते की भोकाच्या एका पैशाला लाखभर मिळतात. जन्मभर बँकेत नोटा मोजल्या, पण अक्कल गहाण टाकायला एक व्हिडिओ पुरला. एकेक पैसा चिंचेने घासून लखलखीत केला आणि जुनी नाणी घेणाऱ्याकडे नेला. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "काका, घासलेत कशाला? आता हे तांब्याच्या भावानेच जाणार."

आई परत आली ती पहिल्यांदा माळ्याकडे बघून म्हणाली, "हंडा कुठाय?"

"मोडीत दिला. गळत होता ना."

"अरे, त्याच्यावर माझं नाव होतं."

"अगं, घरातल्या सगळ्या भांड्यांवर तुझंच नाव आहे."

"ते तुझ्या वडिलांनी ठेवलेलं. हंड्यावरचं माझं होतं. लग्नात माझ्या बाबांनी घालून दिलेलं."

लग्नात आईचं नाव बदललं, एवढं मी ऐकून होतो. माहेरी तिला सगळे ताई म्हणत, त्यामुळे आधीचं नाव कधी कानावर पडलंच नाही. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. म्हणजे ते नाव त्या हंड्याच्या काठाशिवाय दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याआधीच जाऊन उभा राहिलो. भांडेवाला म्हणाला, "मोड आली की आम्ही लगेच ठोकून चपटी करतो. परवाच गाडी गेली. एव्हाना भट्टीत वितळलापण असेल." मला स्वतःची लाज वाटली. तासभर बसून मी एकेका पैशावरचं साल वाचलं होतं, आणि हंड्याचा काठ पुसूनही पाहिला नव्हता.

घरी येऊन आईला खरं ते सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"गेला तर गेला," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"आई, नाव काय होतं गं?"

"साठी उलटली तुझी, आज विचारतोयस."

मग तिने सांगितलं. बरोबर ऐकलं की नाही म्हणून मी ते मोठ्याने म्हणून पाहिलं.

"ओ," कुणी हाक मारल्यासारखं आई चटकन म्हणाली.