झऱ्यावरची वस्ती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या भावकीतले नाही — एवढंच.

खुलताबादच्या डोंगरावर, डांबरी रस्त्यापासून बरीच आत, आमच्या भावकीची वस्ती होती. तिथं माणसांनी राहावं असं काय होतं? जमीन मुरमाड, शाळा घाटाखाली, एसटीचं नाव नाही. पण कातळातून एक झरा यायचा. भर उन्हाळ्यातही आटायचा नाही. त्याच्याखाली दगडी कुंडी. त्या एका धारेपायी सासऱ्यांच्या आजोबांनी तिथं चूल मांडली, मग त्यांच्या मागं बाकीची घरं आली.

आणि मला त्या पाण्याचाच राग होता. झरा खाली, घरं वर. लग्न होऊन आले तशी ती चढण माझ्या डोक्यावर बसली. बहीण शहरात दिलेली. तिच्या स्वयंपाकघरात नळ होता, मी त्याच्याकडे बघत राहायचे. घरात एकदा म्हटलं, आपणही शहरात जाऊ. सासूबाई हसल्या. "झरा हाय तवर कोण हलतंय इथनं?"

झरा आहे तवर! हे त्यांनी बोलायला नको होतं — नाही, त्यांच्यावर कशाला ढकलते? डोकं माझं, हात माझे.

थोरले दीर — आम्ही त्यांना दादा म्हणतो — कुंडीच्या वरच्या अंगाला डिझेलचं इंजिन ठेवून वाहून जाणारं पाणी रानात घ्यायचे. त्यांच्या कॅनमधलं डिझेल मी कुंडीत ओतलं. ओतलं, आणि घागर तशीच रिकामी घेऊन वर आले.

कुंडी उपसली, घासली. दादांनी इंजिन लांब नेलं. मी पुन्हा ओतलं. मग सगळ्यांनीच ठरवलं, इंजिनाची गळती कातळात मुरली, आता हे पाणी काही सुधरत नाही. टँकर घाट चढेना. एकेक घर उतरलं.

आज आम्ही शहराच्या कडेला, नाल्याकाठच्या सखल जागेत राहतो. पावसाळ्यात नाला दारात येतो आणि नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा. हसा, खुशाल हसा.

दादांचं काय झालं? इंजिन भंगारात गेलं. त्यांच्या लेकीच्या लग्नाला भावकीतलं कुणी गेलं नाही. मीही गेले नाही — कोणत्या तोंडानं जाणार होते? की गेले असते तर भावकीला आवडलं नसतं, म्हणून? यातलं दुसरं कारणच खरं. सासूबाई थोरल्या लेकाशी अबोला धरून गेल्या. मी त्यांच्या उशाशी होते. एक वाक्य पुरलं असतं.

त्यांच्या तेराव्याला सगळे जमले होते. शेवटची सेवा माझ्या हातची, म्हणून दादा माझ्यासमोर आले. थोरला दीर, पिकल्या वयाचा माणूस, त्यांनी हात जोडले. "माझ्या इंजनानं समद्यांची घरं उठवली, बाई. आई तर गेली. तू तरी माफ कर."

सगळे माझ्याकडे बघत होते.

"केलं माफ, दादा," मी म्हणाले.