डब्यात का लिवलं हाय

शेतकरी-हमालांच्या संघटनेच्या बैठकीत माझा विषय नेहमी शेवटी येई. तोवर सतरंजीची एक बाजू गोळा झालेली असे.

विषय साधा होता. तुमसरच्या बाजारात आडत्या धानाचा दाणा दाताखाली फोडतो, ओला आहे म्हणतो आणि वजनात कापतो. शेतकरी गप्प बसतो, कारण आडत्याच्या दातांवर अपील नाही. याविरुद्ध मी चार पत्रकं काढली, चारही जळजळीत. त्यांत लोकांनी चणे बांधले. मग नागपूरला तंत्रनिकेतनात शिकलेलं कामी लावलं आणि जुना आठ-बिटी प्रोसेसर घेऊन ओलावा मोजणारा डबा बनवला. पितळेच्या दोन पट्ट्यांमध्ये धान भरायचं. ओलं असलं की लाल दिवा, कोरडं असलं की हिरवा.

बैठकीत एका म्हाताऱ्या हमालाने डबा उलटापालटा करून पाहिला. म्हणाला, "आडत्याचे दात तरी दिसते, बाई. तुह्या डब्यात का लिवलं हाय, कोणाले दिसते?"

सगळे हसले. मला राग आला, आणि रागातच मी शब्द देऊन बसले: डब्यात जे लिहिलंय ते बाजाराच्या भिंतीवर लावीन, कोणीही वाचावं.

आत होते नुसते यंत्राचे आकडे, हाताने एकेक बसवलेले. आठ दिवसांनी ते माझे मलाही वाचता येत नसत. माणसाला वाचता येईल असं लिहायचं तर सी भाषा हवी, आणि सी-मधलं लिहिणं त्या छोट्या प्रोसेसरच्या आकड्यांत उतरवून देणारा कंपायलर हवा. तोही पुढच्या हंगामाच्या आत.

वर्षभर पत्रं लिहिली. 'कंपायलर' हा शब्द ज्याच्यापुढे उच्चारावा असं एकही माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात मला ठाऊक नव्हतं. आईला वाटे नोकरीचे अर्ज आहेत. मी तसं वाटू दिलं. मुंबईच्या एका कंपनीने कळवलं, की आमचा कंपायलर नव्या, मोठ्या यंत्रांसाठी आहे. एवढ्याशा प्रोसेसरला सी-ची गरज नसते. कोणाला कशाची गरज नाही हे वरून ठरवणारी वाक्यं मी चांगली ओळखते, त्यांच्यावरच तर पत्रकं लिहीत आले. दुसरीकडून फ्लॉपी आली, ती भलत्याच प्रोसेसरची. पोस्टमन दारावरून सरळ पुढे गेला की दुपारभर मी डब्याशी बोले.

शेवटी नागपूरच्या एका कॉलेजात, कपाटाच्या तळाशी, प्रयोगशाळा सहायकाला हवा तो कंपायलर सापडला. एसटीने भंडाऱ्यापुढचं शहापूर मागे टाकलं तरी माझी वहीतली खाडाखोड चालूच होती. कॉलेजात यंत्रापुढे बसल्यावर कळलं, प्रोग्राम चिपमध्ये मावत नाही, तिप्पट होतो. सहायक म्हणाला, "दशांश काहून ठेवले? धान आहे, सोनं नाही." आणि चहाला गेला. पत्रकातली विशेषणं काढते तसे मी दशांश काढले. मावला. खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. सहायकाला सांगावं म्हणून थांबले, पण बस सुटायची वेळ झाली.

हंगाम लागला तसं एक पान सायक्लोस्टाइल करून बाजाराच्या फाटकाशेजारी चिकटवलं, प्रत्येक ओळीपुढे मराठीत अर्थ. महिरपी कंस टाइपरायटरवर नव्हते, ते हाताने काढले. सकाळभर लोक पानाला खेटून गेले. करडी गावच्या एका शेतकऱ्याने तेवढं, कंसांना विळे समजून, विचारलं, हे इळे कायले काढले, कोणत्या पार्टीचं आहे. मी डबा घेऊन उभी.

दुपारी तो हमाल आला. मराठी मजकुरावर बोट ठेवून, ओठ हलवत, पहिल्या ओळीपासून वाचत गेला. मधल्या एका ओळीवर बोट थांबलं: ओलावा सोळाच्या वर असेल तर लाल दिवा लाव.

"हे सोळा कोणं ठरवले?"

तो आकडा मी एका राइस मिलच्या ऑफिसात टांगलेल्या तक्त्यावरून उतरवला होता.

"मिलवाल्याने," मी म्हणाले.

त्याने बोट तिथून उचललं नाही. वर्षभरात माझं लिहिलेलं शेवटपर्यंत वाचू पाहणारा तो पहिला माणूस होता, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. मी डबा बंद केला. त्याच्या बोटाजवळचा सोळा पेन्सिलीने खोडला आणि पेन्सिल त्याच्यापुढे धरली.

"समद्याइले इचारून सांगतो," तो म्हणाला आणि पोती उचलायला गेला.

पान भिंतीवर राहिलं. आकड्याच्या जागी काट, आणि शेजारी मी.