टनभराचं घर

ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या कारखान्यात दोन गोष्टी रोज साठतात. एक लाकडाचा भुसा आणि दुसरी माणसांची बोलणी. भुसा संध्याकाळी बंबात घालून संपवता येतो. बोलण्यांचं तसं नाही. गाडी रंग लावून निघून जाते, गिऱ्हाईक विसरून जातं, पण मागं एखादी गंमत उरते. तिच्यावर दुसरी येऊन बसते. मग चहाला चार जण जमले की कुठली आधी काढू असं होतं. त्यातल्या एका गाडीच्या तर इतक्या गमती आहेत, की तिच्यावर नुसत्या त्याच लादल्या असत्या तरी चाकांवरचे कमानपाटे मोडले असते!

सांगलीत मिरज रस्त्याला आमचा कारखाना. मालक आणि मुख्य कारागीर अण्णा मिस्त्री. रंगकामाला बंडू पेंटर. आणि तयार झालेली गाडी चालवून बघायची, गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन लावायची, हे काम माझं. सत्तर-पंच्याहत्तरच्या मधली ही गोष्ट. तेव्हा मी तरणाबांड होतो. आता कोण म्हणतंय नव्हतो, त्यानं पुढं यावं!

*

एका सकाळी दारात मिलिटरीच्या लिलावातली एक पिकअप येऊन थांबली. मागं उघडा हौदा, पुढं दोघं-तिघं बसतील एवढी केबिन. भाड्याच्या ड्रायव्हरशेजारून मिशीला पीळ दिलेला एक गृहस्थ उतरला आणि म्हणाला, "मिस्त्री, ह्या हौद्यावर घर बांधायचंय."

अण्णांना वाटलं, माणूस उन्हानं बिघडलाय. त्यांनी आधी पाणी दिलं.

हे वडूजकडचे सुभेदार. मिलिटरीच्या मोटार खात्यात सगळी नोकरी झाली, पण स्टोअरमध्ये. हजारो गाड्यांचे पार्ट त्यांच्या हातून गेले, स्टेअरिंग एकदाही फिरवलं नाही. लग्नानंतर चौथ्या दिवशी ड्युटीवर जाताना त्यांनी बायकोला शब्द दिला होता, "पेन्शनीत आलो की तुला म्हाबळेश्वर दावतो." पेन्शन सुरू झाली, शब्द तसाच. आणि आता त्यांची बायको, हौसावहिनीच जायला तयार नव्हत्या.

"का वो?" अण्णांनी विचारलं.

"ती म्हन्ती, लॉजात दुसऱ्यानं निजून उठलेल्या गादीवर मी निजायची न्हाई. हाटेलातलं खायची न्हाई. आन् घराला कुलूप घालून तर जायचीच न्हाई. मी म्हनलं, मग कशी येशील? तर म्हन्ती, माझं घर येत आसंल तर मी येती!"

बायको टाळायला असं बोलली, हे आम्हा सगळ्यांना कळलं. सुभेदारांना नाही कळलं. त्यांना ती ऑर्डर वाटली!

*

पिकअपच्या केबिनमध्ये एक पितळी पट्टी ठोकलेली होती. मोकळ्या गाडीचं वजन आणि हौद्यावर माल एक टन, असं तिच्यावर लिहिलेलं. अण्णा म्हणाले, "सुभेदार, ती पट्टी मनावर घिऊ नका. लिवनारे कमीच लिवत्यात."

सुभेदार ताठ झाले. "मिस्त्री, पट्टी म्हंजे हुकूम. तोळाभर जादा चालनार न्हाई. आमी निघाल्यावर पाटे तुटले तर ती परत कवा घराबाहेर पडंल का?"

मुद्दा बरोबर होता. ही बाई एकदाच निघणार होती. वाटेत गाडी बसली, की महाबळेश्वर जन्मभरासाठी बसलं.

पण टन म्हणजे किती, हे अण्णा किलोवर मोजत नसत. त्यांचं माप माणूस. सोळा माणसं म्हणजे एक टन! कुठल्याही गाडीचे पाटे तपासायचे झाले की ते समोरच्या चहाच्या हॉटेलातून माणसं गोळा करत, हौद्यात बसवत आणि पाटे किती दबले ते वाकून बघत. त्या हॉटेलाचं निम्मं गिऱ्हाईक आमच्या गाड्यांचं वजन म्हणून जगत होतं!

सोळा जण बसले. पाटे जरासे दबले. अण्णा खूश. सुभेदारांनी ओळीनं सगळ्यांकडं बघितलं आणि म्हणाले, "मिस्त्री, ह्यातली निम्मी उपाशी हायेत. ह्यो टन खोटा हाय."

अण्णांना राग आला. मापावर शंका म्हणजे काय! ते तडक मागच्या गल्लीतल्या तालमीत गेले आणि पैलवान घेऊन आले. वस्ताद म्हणाले, "सोळाच लागत्यात न्हवं? चला रं!"

पहिले आठ चढेपर्यंत गाडी नुसती कण्हत होती. अकरावा चढला तशी ती म्हशीसारखी खाली बसली. बाराव्यानं नुसता पाय ठेवला, तर पुढची चाकं नमस्काराला उठली!

"उतरा, उतरा!" अण्णा ओरडले. "आरं, ह्यो टन न्हवं, ह्यो उसाचा फड हाय!"

पैलवान सकाळी उतरले. पाटे वर यायला संध्याकाळ झाली.

*

अण्णांनी उभ्या आयुष्यात दोनच वस्तू बांधल्या होत्या. उसाचे ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्या. त्यामुळं घरही त्याच हिशेबानं निघालं. सागवानी खांब, लोखंडी अँगल, वर जाड पत्रा. एकेका खांबाला हत्ती बांधावा!

सुभेदार म्हणाले, "मिस्त्री, जरा हलकं करा की."

"सुभेदार, छपरापतूर ऊस भरला तरी भिंत फुगायची न्हाई!"

"पन आमी घरात ऊस कशाला भरू?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न अण्णांना कुणी विचारलाच नव्हता. मग म्हणाले, "घर हाय. कवा काय भरावं लागंल, सांगता येतंय व्हय?"

शेवटी सुभेदारांनी स्वतः पहारा दिला. अण्णा एक खांब लावत, सुभेदार दुसरा काढायला लावत. अण्णा जेवायला बसले की सुभेदार खिळेसुद्धा कमी करत. बंडू पेंटरनं रंगाचा दुसरा हात द्यायला घेतला, तर त्याचा ब्रश धरला. "वजन वाढतंय!"

बंडू म्हणाला, "सायेब, रंगाला कुठलं वजन?"

"मग डबा उचलताना कन्हत व्हतास कशापायी?"

त्यामुळं त्या घराची उजवी बाजू दोन हातांची आणि डावी एका हाताची राहिली. घर पूर्वेकडून श्रीमंत आणि पश्चिमेकडून गरीब दिसायचं!

*

घर तयार झाल्यावर हौसावहिनी बघायला आल्या. एस्टीनं आल्या, पण एस्टीच्या टपावर त्यांचा निम्मा संसार होता. पाटा-वरवंटा, दोन हंडे, लोखंडी चूल, ज्वारीचं पोतं, गोधड्यांचा ढीग आणि पाण्याचं पिंप.

त्यांनी घराला एक फेरी मारली. दार उघडून बघितलं, लावून बघितलं. सुभेदार बाजूला अटेन्शनमध्ये उभे.

"बरं हाय," त्या म्हणाल्या.

सगळ्या नोकरीत मिळालेलं सगळ्यात मोठं मेडल हेच असावं, असं सुभेदारांच्या तोंडावरून वाटलं.

"पन ज्वारी कशाला? म्हाबळेश्वरात ज्वारी मिळती," सुभेदार हळूच म्हणाले.

"मिळत आसंल. ती लोकाची. तिची भाकरी मला थापाया यायची न्हाई."

सगळं सामान चढलं आणि मी गाडी चालवून बघायला निघालो. वहिनींनी जड जड सगळं मागच्या दाराशी लावलेलं, उतरून चूल मांडायला सोपं म्हणून. कोपऱ्यावर मी स्टेअरिंग डावीकडं फिरवलं. गाडी सरळच गेली! उजवीकडं फिरवलं. तरी सरळ! मागच्या ओझ्यानं पुढची चाकं रस्त्याला जेमतेम शिवत होती. समोर रसवंतीगृह होतं. तिथं सरळ आत!

रसवाला जागचा हलला नाही. बाकावर बॉनेट टेकलेलं बघून म्हणाला, "बर्फ घालू का बिनबर्फाचा?"

अण्णांनी यावर उपाय काढला. कारखान्यातली ऐरण आणली आणि पुढच्या बंपरला बांधली. पुढची चाकं जमिनीवर आली.

सुभेदार डोक्याला हात लावून बसले. "वजन कमी करायचं म्हनून मी खिळं उपसलं मिस्त्री, आन् तुमी ऐरण बांधली!"

शेवटी सगळं सामान केबिनच्या पाठीला सरकवलं आणि ऐरण परत गेली. जाताना वहिनी तिच्याकडं बघून म्हणाल्या, "ऱ्हाऊ दिली आसती. चुलीम्होरं बसायला बरी व्हती."

*

निघायचा दिवस आला. मे महिना. सुभेदार, हौसावहिनी आणि चालवायला मी. अण्णा निरोप द्यायला म्हणून चढले आणि साखर कारखान्यापर्यंत उतरलेच नाहीत. सुभेदारांची अट एकच. वाटेत साखर कारखान्याच्या काट्यावर गाडी तोलायची, मगच घाट.

हंगाम संपला होता. काटा मोकळा. काटेवाला टेबलावर डोकं टेकून झोपला होता. बैलगाडी, ट्रक, ट्रॉली सगळं तोललेला माणूस तो, पण काट्यावर घर आलेलं पहिल्यांदाच बघत होता.

"ऊस कुठाय?" त्यानं विचारलं.

"ऊस न्हाई. संसार हाय," सुभेदार म्हणाले.

त्यानं तोललं. उसातला पालापाचोळा वजा करायच्या सवयीनं पेन्सिल उचलली आणि म्हणाला, "पाचट किती वजा धरू?"

"संसारात कुठलं आलं पाचट?"

"आवं, समद्या मालात आसतं." काटेवाल्यानं घराकडं, मग सुभेदारांकडं बघितलं. "आसूं द्या. आमी आपलं विचारतो."

मोकळ्या गाडीचं वजन पट्टीवर होतं. ते वजा केलं. माल टनाच्या वर निघाला. फार नाही. अण्णांच्या भाषेत सांगायचं तर दोन माणसं जादा. अण्णा म्हणाले, "मी उतरतो की!" आणि उतरले.

परत तोललं. अजून एक माणूस जादाच! सुभेदारांनी केबिनमधल्या माणसांचंही वजन हुकमात धरलं होतं.

"तेवढ्यानं काय हुतंय?" अण्णा म्हणाले. "चला तसंच."

"न्हाई!" सुभेदार म्हणाले. "पट्टी म्हंजे हुकूम. हितनं फुडं एक टन जाईल, न्हाईतर गाडी माघारी जाईल."

मी सुभेदारांना डोळ्यानं खुणावलं. कारण वहिनी केबिनमधून खाली उतरल्या होत्या आणि त्यांनी सांगलीच्या रस्त्याकडं बघितलं होतं. माघारी जायचं निमित्त आयतं समोर उभं होतं.

काटेवाला मदतीला आला. "पिंपातलं पानी सोडून द्या. झालं."

वहिनींनी त्याच्याकडं असं बघितलं, की तो स्वतःच काट्यावरून खाली उतरला. "आमी वडूजकडचं मानूस. भरलेलं पानी सोडून दे म्हनतोस? तुज्या आईनं शिकवलं व्हय हे?"

"मग ज्वारी?" मी विचारलं.

"आन् खायाचं काय?"

"पाटा?" अण्णा म्हणाले.

"चटणी काय दगडावर... दगडच त्यो! न्हाई, पाटा ऱ्हायला पायजे."

वहिनी गाडीभोवती फिरल्या. दार उघडून प्रत्येक वस्तूला हात लावून आल्या. चूल, हंडे, गोधड्या. सगळ्याला काहीतरी काम होतं. मग सुभेदारांसमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनाही खालीवर बघितलं.

"आवं," त्या म्हणाल्या, "तुमी एस्टीनं या की!"

अण्णा वळून काट्याच्या खोलीत गेले. आतून त्यांचा खोकल्यासारखा आवाज येत राहिला.

"मी?" सुभेदार म्हणाले. "आगं, म्हाबळेश्वर मी तुला दावनार हाय!"

"मग तिथं गेल्यावर दावा. हितं कुठं हाय ते? एवढी वर्सं तुमी एकलंच गेलासा, मी घरात ऱ्हायली. आज मी घर घिऊन जाती, तुमी एकलं या. तुमाला सवय हाय."

"पन..."

"पट्टी म्हंजे हुकूम न्हवं?"

सुभेदारांनी टाचा जुळवल्या. पिशवी घेतली. कारखान्याच्या फाट्यावर जाऊन एस्टीला हात करून उभे राहिले.

*

आता घाटातलं.

वाई सोडली आणि पसरणीचा घाट लागला. गाडी पहिल्या गिअरला, बॉनेटमधून वाफ, पण वजन बरोब्बर टनभर, पाटे शाबूत, स्टेअरिंग हातात. वहिनी माझ्या शेजारी पदर सावरून बसलेल्या. घाटाच्या पहिल्या वळणापासून त्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली होती, ती मान आत आणली नव्हती. खाली वाई बोटाएवढी दिसायला लागली, तेव्हा त्या स्वतःशीच म्हणाल्या, "आगं बाई!"

मागं हॉर्न वाजला. मी गाडी डोंगराच्या कडेला घेतली. महाबळेश्वरची एस्टी आमच्या शेजारून कासवासारखी वर सरकायला लागली. आत माणसं दाटीवाटीनं उभी. आणि मधल्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आलेले आमचे सुभेदार! टोपी हातात, मिशी वाऱ्यावर.

"आगं ए! आगं, हिकडं बघ! मी हाय!"

एस्टीतली सगळी माणसं आमच्या खिडकीकडं बघायला लागली. कंडक्टर वाकून बघायला लागला. वहिनींनी पदर कपाळापर्यंत ओढला आणि तोंड दुसरीकडं फिरवलं.

मी म्हणालो, "वहिनी, सुभेदार हाक मारताहेत."

"ऐकू आलंय," त्या पदराआडून पुटपुटल्या. "तिकडं बघू नका भावजी. वळख दावली, की 'या, बसा' म्हनावं लागंल!"